छोट्या देशात राहून लॅपटॉप-फोन कसा घ्यायचा आणि बिघडला तर कुणाच्या मागे लागायचं

माझ्या लॅपटॉपचं टचपॅड एक दिवस क्लिकच होईना. आधी वाटलं कचरा अडकला असेल, मग उजेडात धरून बघितलं तर एक कोपरा नखभर वर आलेला आणि झाकणही नीट मिटत नव्हतं. आत बॅटरी फुगली होती. वॉरंटी होती म्हणून निवांत होतो. अख्ख्या देशात एकच सर्व्हिस सेंटर, तिथे नेऊन दिला, तर म्हणाले पार्ट मागवलाय, येईल. दोन महिने हेच ऐकत होतो, येईल.

तर हे सगळं त्या दोन महिन्यांत शिकलेलं. ज्या देशात माणसंच काही लाख, तिथे कंपनीचं स्वतःचं ऑफिस बहुतेक नसतंच, एखादा डिस्ट्रिब्युटर असतो आणि तो खपणारा माल ठेवतो, पार्ट ठेवून पैसे कशाला अडकवेल? चार-पाच गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी साठल्या की एकदम मागवतो. त्यात बॅटरीचं दुखणं वेगळंच. सुट्ट्या लिथियम-आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून कार्गो म्हणून नेता येत नाहीत, फक्त मालवाहू विमानातून जातात. आता जिथे मालवाहू विमानच क्वचित उतरतं तिथे बोटीची वाट बघा. मशीनच्या आत बसवलेल्या बॅटरीचे नियम वेगळे, म्हणून नवा लॅपटॉप आठवड्यात येतो आणि त्याचीच सुटी बॅटरी येत नाही, गंमतच आहे.

म्हणून घेण्याआधी दुकानदाराला ऑफर काय ते नंतर विचारा, आधी विचारा की याची स्क्रीन आणि बॅटरी इथे कोण बदलून देतं आणि मागच्या वेळी किती दिवस लागले. तो "काळजी करू नका" म्हणाला की समजून जा. त्यापेक्षा आसपास सगळ्यांकडे जे मॉडेल दिसतं ते घ्या, भले बोअरिंग असेल, पण दुरुस्तीवाल्याकडे त्याचं एखादं मेलेलं मशीन पडलेलं असतं आणि त्यातून पार्ट निघतो. वॉरंटी इंटरनॅशनल आहे की फक्त विकत घेतलेल्या देशापुरती तेही लेखी बघा, फोनमध्ये ही भानगड जास्त.

बाहेरून मागवत असाल तर फोनचा नेमका मॉडेल नंबर बघा, नुसतं नाव नाही. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळे बँड (सिग्नलच्या फ्रिक्वेन्सी) घेऊन येतो आणि तुमच्या मोबाईल कंपनीचा बँड त्यात नसेल तर गावाबाहेर पडलात की रेंज गायब. आणि अमेरिकेतून कुणी आयफोन आणतोय म्हणून खूश होऊ नका, २०२२ च्या आयफोन १४ पासून तिकडच्या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या सिमवर. तुमची मोबाईल कंपनी ई-सिम देत नसेल तर तो फोन वायफायवर चालणारा महागडा डबा. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर कुठेही चालतो, पण मिक्सर, हेअर ड्रायर असलं काही मागवताना व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका, धूर निघतो (हो, काढलाय).

ऑर्डरचा फॉर्म भरताना आणखी मजा. पोस्टल कोड सक्तीचा आणि तुमच्या देशात पोस्टल कोडच नाही, तेव्हा पाच शून्य टाका, बहुतेक ठिकाणी चालतात, आणि पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत फोन नंबर लिहा कारण कुरियरवाला शेवटी फोन करूनच येतो. देशांच्या यादीत तुमचा देशच नसेल तर शेजारचा निवडून मोकळे होऊ नका, प्रॉडक्ट तिकडे रजिस्टर होतं आणि वॉरंटीच्या वेळी तेच तुमच्या अंगावर येतं, सरळ मेल करून विचारा.

कस्टम ड्युटी बऱ्याच देशांत वस्तूची किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागते, त्यामुळे स्वस्तात मिळालेली केबल महाग शिपिंगमुळे ड्युटीतही महाग पडते. शिवाय कुरियर कंपनी कागदपत्रांची वेगळी फी लावते. चेकआउटलाच ड्युटी भरून टाकायचा पर्याय असेल तर घ्या. साध्या पोस्टाने येत असेल तर ट्रॅकिंग नंबर १३ अक्षरांचा असतो, शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची. पार्सल त्या देशातून बाहेर पडलं की तोच नंबर आपल्या पोस्टाच्या साइटवर टाकून बघा, विक्रेत्याच्या पानावर ते तिथेच थिजलेलं दिसतं आणि इकडे कधीचं येऊन पडलेलं असतं.

माल आलाच नाही तर कार्डवाल्या बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे विक्रेत्याला गेलेले पैसे परत काढून घ्यायला सांगा. व्हिसा-मास्टरकार्डची मुदत साधारण १२० दिवस असते, पण बँक स्वतःची घाई लावते आणि विक्रेता "अजून दोन आठवडे थांबा" करत करत तीच मुदत खातो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळं चॅटवर किंवा मेलवर ठेवा. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा, थर्मल कागदावरची (दुकानातल्या गुळगुळीत पावतीची) अक्षरं काही काळाने उडतात आणि तुमच्याकडे उरतो कोरा पांढरा कागद.

आता भांडायचं कसं. डिस्ट्रिब्युटर एकच आहे आणि उद्या पुन्हा त्याच्याच दारात जायचंय, शिवाय काउंटरवरचा पोरगा कुणाच्यातरी ओळखीचा निघतोच, म्हणून आवाज चढवू नका. मशीन देताना जॉबशीट (दुरुस्तीला दिल्याचा कागद) घ्या, त्यावर सिरियल नंबर आणि तारीख हवीच. मग मेल: काय बिघडलं, कधी दिलं, मला काय हवंय, कुठल्या तारखेपर्यंत, बस, चार ओळी. सीसीमध्ये कंपनीचं त्या भागाचं ऑफिस. मी आधी दोन पानी संताप लिहिला होता, उत्तर आलं नाही. चार ओळींना तिसऱ्या दिवशी आलं: पार्ट कधी येईल सांगता येत नाही, पण तुम्ही स्वतः ओरिजिनल बॅटरी आणलीत तर बसवून देऊ, वॉरंटीला धक्का लागणार नाही. ते लेखी आलं, महत्त्वाचं तेवढंच.

मग बाहेरून इकडे विमानाने येणारं कुणीतरी शोधलं. सुटी बॅटरी केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत नाही, आणि १०० वॅट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप, तिच्यावरच लिहिलेलं असतं) एअरलाइनची परवानगी लागत नाही, माझी ५६ ची होती. टोकांना टेप लावून मूळ खोक्यात आली. बसवायला पंधरा मिनिटं लागली. जुनी फुगलेली मी घरी आणली नाही, त्यांच्याकडेच ठेवून घ्यायला लावली, आणि त्याचीही सही घेतली.