दूध तोडलेल्या पिलांची हगवण: पावसाळ्यात वराहपालकांनी आहार आणि जठरातील आम्लता कशी सांभाळावी

पावसाळ्यात गोठ्यातील ओल, रात्रीचा गारवा आणि दमट खाद्य एकत्र येतात, आणि आईपासून नुकत्याच वेगळ्या केलेल्या डुकराच्या पिलांना साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान पातळ हगवण लागते. औषधाकडे धाव घेण्याआधी तिचे मूळ समजून घ्यावे, कारण ते बहुतेक वेळा जठरातील आम्ल कमी पडण्यात असते, वाढण्यात नव्हे.

दूध पिणाऱ्या पिलाच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल फारसे स्रवत नाही. दुधातील लॅक्टोज साखरेपासून लॅक्टोबॅसिलस जिवाणू जे लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यावरच त्याचे पचन आणि संरक्षण अवलंबून असते. चार ते सहा आठवड्यांच्या वयात दूध एकदम तोडले की हा आधार जातो आणि स्वतःचे आम्ल पुरेसे स्रवू लागेपर्यंत आणखी काही आठवडे लागतात. प्रथिने पचवणारे पेप्सिन हे विकर 2 ते 3.5 सामूला (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) उत्तम काम करते, पण या काळात जठराचा सामू 4 च्या वर राहू शकतो. मग अर्धवट पचलेली पेंड पुढे आतड्यात जाऊन कुजते, आणि जे ई. कोलाय जिवाणू आम्लात मेले असते, ते जिवंतच आतड्यापर्यंत पोहोचतात.

म्हणून हगवण दिसताच खाद्यात खाण्याचा सोडा किंवा चुनखडी मिसळू नये. ही दोन्ही द्रव्ये उरलेसुरले आम्लही निष्प्रभ करतात. उलट, दूध तोडल्यानंतरचे दोन आठवडे कॅल्शियमसाठी घातल्या जाणाऱ्या कॅल्साइट पावडर किंवा शिंपल्याच्या पुडीचे प्रमाण पशुआहार तज्ज्ञांच्या सल्ल्याने कमी ठेवावे आणि नंतर ते पूर्ववत करावे, अन्यथा हाडांची वाढ खुंटते. प्रथिनांबाबतही हाच विचार करावा. पिले लवकर भरावीत म्हणून 22 टक्के प्रथिनांचे खाद्य दिले जाते, परंतु या नाजूक काळात ते 18 टक्क्यांच्या आसपास ठेवून लायसिन या अमिनो आम्लाची भर घातलेली अधिक हिताची ठरते. कच्चे सोयाबीन पिलांना कधीही देऊ नये. मका पिठासारखा बारीक न दळता भरडून द्यावा, कारण भरडा जठरात जास्त वेळ थांबतो आणि त्यात आम्ल नीट मुरते. अतिबारीक दळलेल्या खाद्याने पुढे मोठ्या डुकरांच्या जठरात व्रण होतात, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे एक सोपा उपाय हाताशी आहे. चक्का बांधताना किंवा पनीर करताना निघणाऱ्या निवळीत लॅक्टोज असते. ती ताजी, बिनमिठाची आणि स्वच्छ भांड्यात आणलेली असेल, तर थोड्या प्रमाणापासून सुरुवात करून खाद्यासोबत द्यावी. निवळी मिळत नसल्यास 100 किलो खाद्यात 1 ते 1.5 किलो सायट्रिक आम्ल नीट एकजीव करून मिसळावे. याच कामासाठी वापरले जाणारे फॉर्मिक आम्ल मात्र त्वचा भाजणारे असल्याने हातमोजे आणि चष्म्याशिवाय हाताळू नये.

खाद्याची ओळख दूध तोडण्याआधीच व्हायला हवी. दुसऱ्या आठवड्यापासून थोडे थोडे ताजे खाद्य ठेवावे, आणि वेगळे केल्यावर दिवसातून पाच-सहा वेळा अल्प प्रमाणात द्यावे. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड फेकून द्यावी. ती वाळवून वापरल्याने त्यातील विष जात नाही. हॉटेलचे उरलेले अन्न या वयात पूर्णपणे टाळावे. जमीन कोरडी, वारा अडवलेला आणि चार आठवड्यांच्या पिलांसाठी तापमान 26 ते 28 अंश सेल्सिअस राहील, अशी व्यवस्था करावी, कारण गारठलेले पिलू खात नाही आणि उपाशी पोटानंतर एकदम अधाशासारखे खाते.

हगवण लागलीच, तर पहिला धोका पाणी कमी होण्याचा असतो. ग्लुकोज असलेली ओआरएस पावडर पाकिटावरील प्रमाणानुसार स्वच्छ पाण्यात विरघळवून सतत उपलब्ध ठेवावी आणि खाद्य एक-दोन दिवस कमी करावे, पूर्ण बंद करू नये. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नोत्पादक प्राण्यांमधील वापर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंद केला आहे, तर युरोपीय संघाने हगवणीसाठी मोठ्या मात्रेतील झिंक ऑक्साइडचा वापर 2022 पासून थांबवला आहे. विष्ठेत रक्त दिसले, ताप चढला, कान किंवा पोटाची कातडी निळसर पडली अथवा पिले अचानक मरू लागली, तर तो केवळ आहाराचा प्रश्न नसून स्वाइन फीव्हरसारखा (डुकरांचा विषाणूजन्य ताप) संसर्ग असू शकतो. अशा वेळी जनावरांची ने-आण तातडीने थांबवून जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.