फिरत्या संकट पथकात नव्याने येणाऱ्यांसाठी

तरुणांच्या मानसिक संकटात धावून जाणाऱ्या पथकाचं काम दारात पोचण्याआधी, फोनवरच सुरू होतं. व्यक्ती नेमकी कुठे आहे, सोबत कोण आहे, हाताशी शस्त्र आहे का, नशा केली आहे का, काही गिळलं आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या. गिळलं असेल तर आधी रुग्णवाहिका, मग आपण. पॅरासिटामॉलचा अतिडोस घेतलेली व्यक्ती पहिल्या दिवशी ठणठणीत दिसू शकते, आत यकृत मात्र खराब होत असतं. ‘आता बरं वाटतंय’ यावर इथे विसंबायचं नाही.

जायचं ते जोडीनेच. एकाने बोलायचं, दुसऱ्याने घरच्यांकडे, खोलीकडे आणि बाहेर पडायच्या वाटेकडे लक्ष ठेवायचं. दोघंही प्रश्न विचारू लागले की समोरच्याला ती उलटतपासणी वाटते. या वयात बरेचदा उत्तरं आईवडीलच देऊन टाकतात. त्यांचंही ऐका, पण वेगळ्या खोलीत. मुलाशी किंवा मुलीशी एकांतात बोलताना, जिवाला धोका दिसला तर ही गोष्ट आपल्यापुरती राहणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा. नंतर सांगितलं तर दगा दिल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं रास्तच आहे.

आत्महत्येबद्दल थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. आत्महत्येचा धोका ओळखण्यासाठीच्या कोलंबिया प्रश्नावलीत पहिला प्रश्न मरून जावंसं वाटतं का, दुसरा जीव द्यायचे विचार येतात का. दुसऱ्याला ‘नाही’ आलं तर सरळ सहावा विचारायचा. ‘हो’ आलं तर कसं, इरादा आणि योजना हे मधले तिन्ही. सहावा प्रश्न प्रत्यक्ष प्रयत्नाचा किंवा तयारीचा. आधीची उत्तरं सौम्य आली की नवखे तो गाळतात. गेल्या तीन महिन्यांत असं काही घडलं असेल तर धोका गंभीरच धरायचा.

आवाज ऐकू येत असतील तर वाद घालू नका, होकारही भरू नका. ‘मला तो ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटत असणार’ एवढं पुरतं.

‘स्वतःला काही करणार नाही’ असं वचन लिहून घेण्याचा उपयोग नाही. त्याने दिलासा मिळतो तो पथकालाच. त्याऐवजी सुरक्षा आराखडा करा: त्रास वाढत चालल्याच्या खुणा, स्वतःला करता येण्याजोगं काही, मन दुसरीकडे रमवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, तज्ज्ञांचे आणि हेल्पलाइनचे नंबर, आणि घरातल्या घातक गोष्टी दूर करणं. याला 20 ते 45 मिनिटं लागतात. शब्द त्यांचेच असू द्या. घातक गोष्टींचा मुद्दा शेवटी येतो, म्हणून उरकला जातो. खरं तर सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यावा. औषधं कोण, कुठल्या कुलपात, आज किती वाजेपर्यंत ठेवणार, हे ठरवूनच उठा. आराखड्याचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये हवा; कागद हरवतो.

पुढचा फोन 24 ते 72 तासांत, आणि तो कोण करणार त्याचं नाव त्यांना आधीच माहीत असावं. अनोळखी नंबर बरेच तरुण उचलत नाहीत, म्हणून निघण्याआधी तो नंबर त्यांच्याकडून सेव्ह करून घ्या.