रापलेल्या कातडीशी या चुका करू नका

मे महिन्यात माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बरेच जण उन्हाने नाही, उन्हावर घरी केलेल्या उपायाने कातडी बिघडवून घेऊन येतात. लग्न तोंडावर, रंग मात्र चार दिवसांत उतरायला हवा. कातडीचं उत्तर उशिरा येतं, हे कुणी लक्षातच घेत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे लिंबू चोळून उन्हात जाणं. एका मुलीने लग्नाच्या आदल्या आठवड्यात कागदी लिंबाची फोड सालीसकट कोपरापर्यंत चोळली आणि तशीच खळ्यात आमसुलं वाळत घालायला बसली. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी थोडी आग. तिसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले फोड, तेही रस ओघळला होता नेमक्या त्या रेषांत. आई सांगत होती, "डॉक्टर, काहीतरी चावलंय हिला." चावलं काहीच नव्हतं. लिंबाच्या सालीत सोरालेन जातीची द्रव्यं असतात. ती पेशीच्या डीएनएत शिरतात आणि उन्हातले यूव्हीए (एका जातीचे अतिनील) किरण पडले की तिथेच पक्की जोडली जातात. पेशी भाजल्यासारख्या मरतात, पण ते वर दिसायला एक ते तीन दिवस लागतात. फोड सुकले, तपकिरी पट्टे महिनोन्‌महिने राहिले. लग्नाच्या फोटोंत तिने पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला आहे. बावचीच्या तेलातही हेच सोरालेन. कोडावर ते वापरताना आम्ही उजेड मोजून देतो, म्हणून ते घरी करून बघू नका. सरबताची लिंबं पिळली तरी हात साबणाने धुऊनच बाहेर पडा.

दुसरी चूक, नारळाच्या शेंडीने किंवा दगडाने रंग घासून काढायचा. तो मळ नाही. यूव्हीबी या दुसऱ्या जातीच्या अतिनील किरणांनी वरच्या पेशींच्या डीएनएला इजा झाली की त्या पेशी रासायनिक निरोप धाडतात. मग मेलॅनोसाइट या रंग बनवणाऱ्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवून त्यांना पुरवतात, आणि ते पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखं बसतं. हा रंग दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो. त्याच संध्याकाळी चेहरा काळवंडलेला दिसतो तो बहुतेक यूव्हीएमुळे, आधीच असलेल्या मेलॅनिनमध्ये झालेल्या बदलाने. शिवाय 2011 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की कातडीतल्या मेलॅनोसाइट, डोळ्यात असतं त्याच ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाच्या मदतीने, यूव्हीए ओळखतात आणि काही तासांतच मेलॅनिन वाढवू लागतात. म्हणजे ही राखण आहे, आणि तुम्ही तीच खरवडता. घासल्याने कातडी पुन्हा दुखावते, पुन्हा रंग बनवते. वरचा थर झडायला महिना किंवा त्याहून जास्त लागतो. मी स्वतः गार पाणी, साधं मॉइश्चरायझर आणि वाट बघणं, एवढंच करते.

"आम्ही सावळे, आम्हाला काय होतंय?" हे किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांकडून ऐकते. भाजण्यापासून थोडं संरक्षण मिळतं, हे खरं. पण मेलॅनोसाइटमधलं ऑप्सिन-3 हे प्रथिन निळा उजेड ओळखतं, आणि त्याने येणारा रंग सावळ्या कातडीत जास्त गडद होतो आणि जास्त दिवस टिकतो. म्हणून वांग असलेल्यांना मी लोहाचं ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन देते. नुसतं पांढरं मलम दृश्य उजेड फारसा अडवत नाही. मोबाइलच्या पडद्याला मात्र घाबरू नका, सूर्यापुढे त्याचा निळा उजेड अगदीच किरकोळ.

काचेने यूव्हीबी अडतो, यूव्हीए बराचसा आत येतो. एसटीच्या खिडकीत बसणाऱ्यांनी बाही खाली करावी. ढग आले म्हणून निर्धास्त होऊ नका. चिमूटभर सनस्क्रीन लावून एसपीएफवर भांडू नका: चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, दर दोन तासांनी. दुकानातून स्टेरॉइडचं गोरं करणारं मलम आणणाऱ्यांवर माझा खरोखर राग आहे.

आणि ऊन सरसकट टाळणंही चूकच, ड जीवनसत्त्व कातडीत यूव्हीबीनेच बनतं. थोडा वेळ हात-पाय उघडे पुरतात. बाकी मी सावली बघते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात सूर्य एका दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो. त्या दिवसांत आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेपर्यंत टोपी, पूर्ण बाह्या आणि शक्यतो माडाखाली काम.