सोरायसिस: खपली खरवडू नका, भिजवा

निरोगी त्वचेची पेशी तळातून वर यायला साधारण महिना घेते. सोरायसिस या त्वचेच्या आजारात, चट्ट्यावर हेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. कच्च्या पेशी एकावर एक साचतात, तीच पांढरी खपली. नखानं किंवा वज्रीनं ती ओढली की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. एवढ्यावर थांबत नाही. जिथं त्वचेला इजा होते तिथं दोनेक आठवड्यांत नवा चट्टा उठू शकतो. परकराची करकचून बांधलेली नाडी, घड्याळाचा घट्ट पट्टा, खसखसून घासलेला पंचा, सगळं याच हिशेबात येतं. नाडी रुंद आणि सैल ठेवा, गाठ रोज थोडी सरकवा.

अंघोळ कोमट पाण्यानं, दहा मिनिटांत. कढत पाण्यानं खाज तेवढ्यापुरती शमते आणि नंतर दुप्पट उसळते. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा थर अंगावर राहतो, म्हणून बिनवासाचा सौम्य साबण, तोही काख-जांघ-पाय एवढ्यापुरता. दिवाळीत अभ्यंगाचं तेल खुशाल लावा, पण उटणं चट्ट्यांवर घासू नका. अंग टॉवेलनं टिपायचं. त्वचा ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल अंगावरची लव वळते त्या दिशेनं लावायचं. पूर्ण अंगाला लावायचं तर मोठ्या माणसाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. बहुतेक जण छोटी बाटली महिनाभर पुरवतात आणि मग 'काही फरक नाही' म्हणतात. दोन सावधानता: बाथरूमच्या फरशीवर तेल सांडलं की घसरायला होतं, आणि जेली मुरलेले कपडे-चादरी लवकर पेट घेतात. धुऊनही ती पूर्ण निघत नाही. गॅस, समई, फटाके यांपासून लांब.

औषधी मलमाचं माप बोटावर आहे. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, म्हणजे एका पेराएवढी रेघ पिळली की अर्धा ग्रॅम होतं. बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला ते पुरतं. चट्टे दहा तळव्यांएवढे असतील तर पाच रेघा, म्हणजे अडीच ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तर 30 ग्रॅमची ट्यूब बारा दिवसांत संपायला हवी. महिना पुरली तर कमी लावताय, चार दिवसांत संपली तर जास्त. मलम आणि मॉइश्चरायझर यांच्यात अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर मलम पातळ होऊन भलतीकडे पसरतं. तीव्र स्टेरॉइडचं (दाह दाबणाऱ्या औषधाचं) मलम चेहरा, काख आणि जांघेत डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका, तिथली त्वचा पातळ होते. चट्टा दबला म्हणून अचानक बंदही करू नका, डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमानं कमी करा. औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं आणलेलं 'खाज-नायटा-बुरशी सगळ्यावर एकच' मलम तर नकोच. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. सॅलिसिलिक ॲसिडचं (खपली मऊ करणारं) आणि कॅल्सिपोट्रिऑलचं (पेशींची वाढ आवरणारं) मलम एकावर एक लावू नये, पहिल्यानं दुसरं निकामी होतं.

डोक्यासाठी रात्री भांग पाडून कोमट खोबरेल टाळूवर लावा, जुना रुमाल बांधा. सकाळी सुटलेली खपली जाड दातांच्या कंगव्यानं हलकेच निघते. चिकटलेली राहू द्या, उद्या निघेल. डांबराचा (कोल टार असलेला औषधी) शाम्पू पाच-दहा मिनिटं ठेवूनच धुवा.

मेथोट्रेक्सेट (जास्त सोरायसिसवर देतात ते औषध) दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्यानं जीव गेलेले आहेत. पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहा आणि तो घरातल्या दुसऱ्यालाही सांगून ठेवा. दारू बंद, रक्ततपासण्या वेळेवर. मूल हवं असेल तर, पुरुष असो वा स्त्री, आधी डॉक्टरांशी बोला.

इथवरचं स्वतः करायचं, पुढं इतरांचं काम सुरू होतं. पाठीला हात पोचत नाही, तेव्हा घरच्यांनी लावून द्यावं. हा आजार शिवण्यानं, एका ताटात जेवल्यानं पसरत नाही. सलूनमध्ये कुजबुज होण्याआधी स्वतःच सांगितलेलं बरं: 'सोरायसिस आहे, लागत नाही, फक्त वस्तरा टाळूवर नको.' हे वाक्य दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून ठेवा. ऐन वेळी शब्द सापडत नाहीत.

एकाच गावातले चार-पाच रुग्ण जमले तर फायदा होतो तो मुख्यतः प्रवासात. प्रकाशोपचाराला (चट्ट्यांवर मोजून अतिनील किरण सोडतात त्याला) आठवड्यातून दोन-तीनदा, तेही कित्येक आठवडे जावं लागतं. लांबच्या रुग्णालयाचा एवढा फेरा एकट्यानं कंटाळून सुटतो. वार ठरवून सोबत जा, गाडीभाडं वाटून घ्या, मॉइश्चरायझर मोठ्या डब्यात आणा, आणि स्वच्छ कोरड्या चमच्यानं वाटा. मलमाची ट्यूब आणि गोळ्या मात्र एकमेकांना द्यायच्या नाहीत, कारण त्याचा चट्टा कोपरावरचा आणि तुमचा जांघेतला. भेटीत 'मुळापासून घालवतो' म्हणणारी बिननावाची पूड कुणी पुढे केली तर घटक विचारा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. घेणं थांबलं की आजार उलटून येतो.

सोबत्यांनी एकमेकांची बोटंही पाहावीत. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे, सगळं बोट फुगलेलं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त सांधे आखडलेले, यातलं काहीही दिसलं तर सांध्यांचं दुखणं सुरू झालेलं असू शकतं. ते लवकर दाखवावं, वाकडे झालेले सांधे सरळ होत नाहीत. सगळं अंग लाल होऊन थंडी वाजली, किंवा तापासोबत पुवाच्या पुटकुळ्या उठल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. चालू मलमांच्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.