मोदक ठेवले, भात सोडला

गेल्या गणेश चतुर्थीला जेवल्यावर दोन तासांनी बोट टोचून रक्तातली साखर पाहिली, तर मशीनवर २८६. पोटात पाच उकडीचे मोदक, वर वरणभात. आणि मनाची समजूत काय, तर "गुळाचेच आहेत की!" अहो, गुळानेही साखर वाढतेच, आणि मोदकाची पारी म्हणजे तांदूळच.

यंदा मोदक ठेवले, भात सोडला. आधी काकडीची कोशिंबीर, अळूचं फदफदं, मटकीची उसळ. मग दोन लहान मोदक. जेवून लवंडलो नाही. सोसायटीला चार फेऱ्या मारल्या. दोन तासांनी १६८. मधुमेहाची गोळी मनाने वाढवली नाही, डॉक्टरांना आठवडाभर आधीच विचारून ठेवलं होतं.

खरा घोळ दर्शनाला जाण्यात. पाच घरं, पाच पेढे, आणि प्रत्येक वहिनींचा आग्रह. त्यावर खिशात स्टीलची चपटी डबी ठेवली. "वहिनी, प्रसाद घरी नेतो, सगळ्यांना होईल." कुणी रागावलं नाही. रात्री डबी नातवाने साफ केली.

खिरापतीपुढे मात्र अजून हरतो. चमचाभर म्हणून घेतो आणि खारीक शोधत बसतो.