आखाजीच्या गर्दीत वही कोण लिहिणार?

अमळनेरला माझं छोटं पार्लर आहे. एक खोली, दोन खुर्च्या, मी आणि हाताखाली दोन मुली. अपॉइंटमेंट आमच्याकडे फक्त नवरीची असते, बाकीच्या बाया बसच्या टायमाने येतात. पातोंड्याची नाहीतर मारवडची बाई बाजाराच्या पिशव्या घेऊन आत शिरते आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगते, "बैन, चारनी गाडी शे, लवकर कर." आयटीआयला कॉस्मेटॉलॉजी शिकताना क्लायंट कार्ड भरायला शिकवलं होतं. त्वचेचा प्रकार, केसांचा पोत, आजार, सवयी, सगळं त्यात. पण ते कार्ड भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माझ्या दोन आयब्रो होतात. म्हणून पहिली काही वर्षं मी काहीच लिहिलं नाही. सगळं डोक्यात.

मग एक आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. सुरतेला दिलेली एक माहेरवाशीण दिवाळीत केसांना रंग लावून गेली होती. नंतर तिचा फोन आला होता की कानामागे खूप खाजतंय. मी म्हटलं, बरं झालं सांगितलं. आखाजीला ती परत आली तेव्हा मी नवरीच्या मेकअपला बाहेरगावी होते. दुकानात मुलगी एकटी. बाई म्हणाली, "मागला येळनाच रंग लावी दे." मुलीने लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे उघडेनात. डॉक्टरकडे मी नेलं, खर्च मी केला, आणि तिच्या आईकडून जे ऐकायचं तेही मीच ऐकलं. खाज सुटल्याची माहिती माझ्या डोक्यात होती आणि डोकं त्या दिवशी मेकअपला गेलं होतं.

काळ्या-तपकिरी रंगांत बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. झटपट काळी होणाऱ्या पाकिटातल्या मेंदीतही ते सापडतं. एकदा शरीराने त्याचा राग धरला की तो सुटत नाही, आणि पुढच्या खेपेला त्रास बहुधा जास्त होतो. पहिल्या वेळची नुसती खाज ही सूचना होती. ती एका ओळीत कुठेतरी लिहिलेली असती तरी पुरलं असतं.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. महिन्याचे पैसे भरून मोबाइलवर एक ॲप घेतलं. एका गिऱ्हाइकाला बारा रकाने, तेही इंग्रजीत. मुली गर्दीत ते उघडायच्याच नाहीत, रात्री आठवून भरायच्या, आणि आठवून भरलेलं अर्धं चुकीचं निघायचं. दोन महिन्यांत बंद केलं. ॲपचा दोष म्हणणार नाही. जिथे माणसं वेळ ठरवून येतात तिथे ते चालत असेल.

आता माझ्याकडे एक जाड लांब वही आहे, दोरीने बांधलेला पेन आहे, आणि एक नियम आहे: गिऱ्हाईक पैसे देत असताना लिहायचं. नंतर लिहू म्हटलं की गेलं. सुट्टे शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात जे लिहून होईल तेवढीच नोंद.

नावावरून शोधायला जाऊ नका. खान्देशात पाटील, चौधरी, महाजन किती! माझ्याच वहीत मनीषा पाटील सहा आहेत. मी मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांवरून पानं लावते. शेवटचा आकडा 0 ते 9, असे वहीचे दहा भाग, कडेला चिकटपट्टीची खूण. नावापुढे गाव लिहायचं, आणि माहेरचं की सासरचं तेही. नंबर घेताना हळूच विचारा, "हा तुमचाच ना?" कारण निम्म्या बाया नवऱ्याचा नाहीतर पोराचा नंबर देतात. तसा असेल तर मी पुढे गोल करते. गोल असलेल्या नंबरावर दुकानाचा मेसेज जात नाही. एकदा मी "ताई, कलरची वेळ झाली" असा मेसेज टाकला, तो घरात भलत्याने वाचला, आणि केस पांढरे आहेत हे त्या बाईने सासरी कधी सांगितलंच नव्हतं. ती परत आली नाही.

लिहायचं काय? पुढच्या वेळी ज्याने माझं काम बदलेल तेवढंच. साध्या आयब्रोची मी नोंदच करत नाही, गल्ल्याच्या वहीत पैसे मांडले की संपलं. रंगाची मात्र पूर्ण करते. कंपनी, शेड, डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड), मिनिटं. "ब्राऊन लावला" ही नोंद नव्हे. शेडच्या आकड्यात टिंबाआधीचा आकडा केस किती गडद ते सांगतो, 1 म्हणजे काळा, 4 म्हणजे मध्यम तपकिरी. टिंबानंतरचा आकडा छटेचा, आणि तो कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून कंपनीचं नाव हवंच. डेव्हलपर 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के, 30 म्हणजे 9. हे लिहिलेलं असलं की मी नसतानाही मुलगी तोच रंग काढू शकते. आणि शेवटची मेंदी कधी लावली, घरी वाटलेली की पाकिटातली, तेही. काही पाकिटांत धातूचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, तुटतात.

वॅक्सिंगच्या आणि फेशियलच्या आधी मी एक प्रश्न विचारते, "तोंडाला मेडिकलमधून कुठली ट्यूब लावता का?" गोरं व्हायची म्हणून आणलेली ट्यूब पुष्कळदा स्टेरॉइड आणि ट्रेटिनॉइन मिसळलेली असते. तिने त्वचा पातळ होते आणि वॅक्सच्या पट्टीबरोबर सालपट निघतं. "क्रीम लावता का" असं विचारलं तर उत्तर नाही येतं, कारण ट्यूब त्यांच्या लेखी क्रीम नसते. पेडिक्युअरला येणाऱ्या मावशींना साखर आहे का, तेही विचारून लिहा. पायाची जाणीव कमी झालेली असली तर पाणी किती गरम आहे हे त्यांना कळत नाही.

जे धोक्याचं, ते लाल शाईने. लाल शाई दुसऱ्या कशालाही नाही. उधारीला तर मुळीच नाही, तिची वही वेगळी. सुरुवातीला मुली उधारीही लालने लिहायच्या आणि दोन्हीची किंमत सारखी व्हायची.

पॅच टेस्टचं, म्हणजे रंगाआधी कातडीवर थोडा लावून बघायचं, तुम्ही म्हणाल की गावाहून येणारी बाई दोन दिवस आधी कशी येईल? नाहीच येत. म्हणून ती आयब्रोला आली आणि पुढे कधीतरी रंग लावायचा विचार दिसला, की डब्यावरच्या सूचनेप्रमाणे त्याच दिवशी कानामागे ठिपका लावून ठेवते आणि तारीख टाकते. 48 तासांनी ती फोन करते किंवा मी करते. उत्तर पुढे लिहिते. घाईत आलेल्या अनोळखी बाईला मी आता रंगाला सरळ नाही म्हणते. आखाजीला किंवा श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आदल्या आठवड्यात असं गिऱ्हाईक सोडायला जीवावर येतं, हे खरं.

नवीन मुली म्हणतात, नेहमीच्या बायका तर तोंडपाठ आहेत, वही कशाला? नेहमीच्यांसाठी नाहीच ती. सुरतेहून, पुण्याहून वर्षातून दोनदा येणारीसाठी आहे. सहा महिन्यांत तुम्ही विसरता, आणि ती मात्र धरून चालते की तुमच्या लक्षात आहे. ती खुर्चीत बसते तेव्हा पान उघडून "मागच्या वेळी जरा जास्तच गडद झाला होता ना?" असं विचारलं, की तिचा चेहरा बघा.

केसांचे आधी-नंतरचे फोटो विचारून काढा, आणि स्टेटसला टाकायचे असतील तर पुन्हा विचारा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मोबाइलमधल्या माहितीसाठी संमती मागतो. पण कायद्याआधी गाव आहे. इथे स्टेटस जावेच्या बहिणीपर्यंत दहा मिनिटांत पोचतं.

सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा त्या आठवड्यात भरलेल्या पानांचे मी फोटो काढून ठेवते, कारण एकदा बादली सांडली होती. वही संपली की दोन वर्षांत न आलेल्यांची पानं नव्या वहीत घेत नाही, लाल शाईची मात्र सगळी उतरवते. जुनी वही रद्दीत देऊ नका, चिवड्याच्या पुडीवर कोणाचा नंबर आणि केसांचं गुपित निघेल सांगता येत नाही. माझी सरळ बंबात जाते.