कोकण किनाऱ्यावर फोटो काढताना या चुका टाळा

जलदुर्गाचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे नाही, वेळ चुकल्यामुळे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग हे किल्ले किनाऱ्यावरून पाहताना पश्चिमेच्या अंगाला, पाण्यात दिसतात. संध्याकाळी सूर्य त्यांच्या मागे जातो आणि आपल्याकडचा तट सावलीत बुडतो. मग आकाश नीट आलं तर किल्ला काळा येतो, किल्ला उजळला तर आकाश पांढरं पडतं. दोन्ही सावरायला मोबाइलचा एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणारी सोय) लावला की सगळं करडं दिसतं.

उपाय सोपा आहे: तटाचे दगड, बुरूज, दरवाजा दाखवायचा तर सकाळी जा. सूर्य पूर्वेच्या डोंगरांवरून वर यायला वेळ घेतो, म्हणून उजेड किनाऱ्यावर सूर्योदयानंतर जरा उशिरा उतरतो. तेव्हापासून साधारण नऊपर्यंतचा तिरपा प्रकाश जांभ्याचा आणि काळ्या दगडाचा पोत उठवून दाखवतो. जंजिऱ्याचं महाद्वार राजपुरीच्या बाजूला, पूर्वेकडे आहे. ते उजळलेलं हवं असेल तर सकाळची पहिली होडी पकडा. हलत्या होडीतून शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नका.

संध्याकाळ वाया जात नाही, पण तेव्हा छायाकृतीच टिपा. उजेड मावळत्या आकाशावर मोजा आणि किल्ला काळा होऊ द्या. सूर्य कुठे बुडणार हे आधी ठरवून उभं राहायला हवं. कोकणात जूनमध्ये तो पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २५ अंश आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला तितकाच सरकतो. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ म्हणजे अंदाजे १० अंश. डिसेंबरात बुरुजामागे बरोबर बुडणारा सूर्य मार्चमध्ये त्याच जागेवरून भलतीकडे दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर असेल तर कॅमेरा आकाशाचा केशरी रंग मारून टाकतो. तो उन्हाच्या खुणेवर, म्हणजे डेलाइटवर ठेवा.

भरती-ओहोटी न पाहता निघणं

ही चूक फोटोलाही नडते आणि जिवालाही. किनाऱ्यावर चालत आलेला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ × पाऊण म्हणजे साधारण ३ वाजता भरती, तर ९ च्या सुमारास ओहोटी. हा अंदाज तासभर इकडेतिकडे होतो, म्हणून निघताना त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक पाहाच. पण सहलीचा दिवस ठरवायला हा हिशेब फार कामाचा आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं तसं खूप ओसरतंही. त्यानंतरच्या द्वितीया ते चतुर्थीला मोठी ओहोटी नेमकी सकाळच्या उजेडात येते. ओहोटीला चालत जायच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासाठी हेच दिवस धरा. ओल्या पुळणीवर कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणला की तटाचं प्रतिबिंब मिळतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा कमी चढउतार असतो, पाणी पुरेसं हटेलच असं नाही. आणि चालत गेलात तर पाणी चढायला लागण्याआधी परत फिरा. एका फ्रेमसाठी थांबू नका.

किल्ला ठिपक्याएवढा दिसणं

डोळ्यांना भव्य वाटलेला सुवर्णदुर्ग हर्णैहून मोबाइलच्या ०.५ लेन्सने काढला की रेघेसारखा येतो. तिथे २ किंवा ३ पट टेली लेन्स वापरा, कॅमेऱ्यावर ७० ते २०० मिमी. रुंद लेन्स घ्यायची ती जवळ काही असेल तेव्हाच: ओला कातळ, नांगरलेली होडी, सड्यावरची तेरड्याची फुलं. २४ मिमी फुलफ्रेम लेन्सवर अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, एफ ११ ठेवून पावणेदोन मीटरवर फोकस केला तर सुमारे ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. सगळं स्पष्ट हवं म्हणून एफ २२ लावू नका, इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो (विवर्तन) आणि अख्खा फोटोच मऊ पडतो.

कलतं क्षितिज. समुद्र एका अंशानेही कलला तरी डोळ्याला खुपतो. ग्रिड चालू ठेवा. रुंद लेन्समध्ये क्षितिज कडेला गेलं की वाकतं, ते मधल्या तिसऱ्या भागात ठेवा.

लाटांचा धूर करण्याचा हट्ट. ६ स्टॉपचा, म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच) १/६० सेकंदाचा वेळ साधारण एक सेकंदावर नेतो, आणि कातळावरून परतणाऱ्या पाण्याच्या रेघांना अर्धा ते एक सेकंदच शोभतो. ३० सेकंदांत लाटेचा आकार उरत नाही. ट्रायपॉड वाळूत दाबून रोवा, एक लाट खालून जाऊ द्या आणि तो खचायचा थांबला की मगच शटर दाबा. नजर मात्र समुद्रावर ठेवा, शेवाळलेल्या कातळावर पाठ फिरवू नका.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसू, उक्षी परिसरातली कातळशिल्पं दुपारी सपाट दिसतात, कारण डोक्यावरच्या उन्हात खोदलेल्या रेषेला सावलीच पडत नाही. सूर्य खाली असताना जा. रेषा उठावी म्हणून खडू फिरवणं किंवा शिल्पावर उभं राहणं हा गुन्हा मानावा, ते हजारो वर्षं टिकलेलं काम आहे.

शेवटी खारं पाणी. लेन्सवर तुषार उडाले तर कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण काचेच्या लेपावर ओरखडे पाडतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं मऊ कापड. एसी खोलीतून बाहेर येताच लेन्सवर दव धरतं, म्हणून बॅग बंदच ठेवून २०-३० मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. मुक्कामी पोचल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच मिटा.